गंजका चमचा

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना तर माझ्या लहानपणापासून ठाऊक होतं.

बाबा तिथे तीस वर्षं मदतनीस होते. निवृत्तीनंतरही यायचे, फक्त माझ्यासाठी. काम साधंच, पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात पोटॅश विरघळवून द्यायचं. त्या पाण्यात मी निकेल ऑक्साइडचा लेप दिलेली पट्टी बुडवून वीज सोडायचे. पाण्याचं विघटन व्हायचं आणि पट्टीवरून ऑक्सिजनचे बुडबुडे उठायचे. वीज जितकी कमी खाईल तितका लेप चांगला. माझा लेप भलताच चांगला निघाला होता. तीन वर्षांच्या रखडपट्टीनंतर मी हवेत होते.

एका सकाळी बघते तर बाबा पोटॅश ढवळतायत, लोखंडी चमच्याने. चमचा कसला, नुसता गंज.

"बाबा, हा कुठून आणला?"

"अगं, पहिल्यापासून हाच आहे. हाताला बसलाय."

माझं टाळकंच सरकलं. आम्ही इथे धुळीचा कण जाऊ नये म्हणून जीव टाकतो आणि हे गृहस्थ गंज कालवतायत. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला काही कळतं का? घरी बसा आता." चमचा कचऱ्याच्या डब्यात फेकला आणि पाठ फिरवली. मी परत वळले तेव्हा बाबा निघून गेले होते.

मग सगळं नव्याने केलं. सर्वांत शुद्ध पोटॅश, प्लास्टिकचा चमचा, ताज्या पट्ट्या. एकीनेही धड काम केलं नाही. वीज दुपटीने, बुडबुडे नावाला. दोन महिने मी चिडचिड करत घरी यायचे. बाबा जेवताना हळूच विचारायचे, "माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना गं?"

मी म्हणायचे, "जेवा बाबा."

एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले.

महिन्याने एका जुन्या पट्टीचा तपासणी अहवाल आला. लेपात लोखंड होतं, अगदी किंचित. निकेलमध्ये तेवढं लोखंड मुरलं तरच ऑक्सिजन सहज सुटतो. आमच्या शुद्ध पाण्यात ते नव्हतंच. गंजक्या चमच्यातून ते येत होतं. लेप माझा होता, पण चालवत होते बाबा.

घरी येऊन त्यांचा खण उघडला. कशासाठी, माहीत नाही. रुमालात गुंडाळलेला चमचा तिथे होता. मी पाठ फिरवल्यावर त्यांनी तो डब्यातून काढून घेतला असणार.

दुसऱ्या दिवशी त्याच चमच्याने पोटॅश ढवळलं. तासाभरात मेलेली पट्टी फसफसायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिने चमचा हातात घेतला.

"मलाही रोज विचारायचे, माझ्यामुळे बिघडलं का म्हणून," ती म्हणाली. "मी म्हणायचे, मला काय कळतं त्यातलं, लेकीला नीट बसवून विचारा."

"मग?"

"म्हणायचे, नको, ती कामात आहे."