कडुलिंबाला टांगलेला रूळ

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रूळ आहे. नेमके सांगायचे तर रुळाचा हातभर तुकडा. सोलापूर शहराबाहेर, सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे एक माळ आहे. तिथल्या वसाहतीच्या मैदानात कडुलिंबाच्या फांदीला मी साखळीने टांगलेला आहे. वारा सुटला की मी हलतो आणि हलता हलता माझा डोळा लागतो. मला कोणी वाजवले नाही तर मी कितीही दिवस झोपू शकतो. ही खोड लोखंडाची आहे, तिला इलाज नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका भट्टीत झाला. त्या दिवसांतला नुसता तांबडा उजेड मला आठवतो, आणि मागून जहाजाच्या पोटातला लांबलचक अंधार. मग होटगी जंक्शनजवळ मला जमिनीवर आडवे टाकून खिळ्यांनी पक्के केले. गाडी दिसण्याच्या पुष्कळ आधी ती माझ्या अंगात येऊन पोहोचे. आधी बारीकशी शिरशिरी, मग गुणगुण, मग गडगडाट. डब्यांतली माणसे झोपेत असत, आणि त्यांची झोप माझ्यावरून पुढे जाई. ती कुठे उतरत, कोण त्यांना घ्यायला येई, याची मी पडल्या पडल्या स्वप्ने बघत असे.

वर्षे गेली आणि माझी पाठ झिजली. नवा रूळ आला. मला उपटून कापले आणि गवतात फेकले. माझ्या अंगावर सरडे ऊन खात बसू लागले. पुढे मोडीचा लिलाव झाला, तेव्हा मालधक्क्यावरचे एक कारकून, एकनाथराव, मला बैलगाडीत घालून या माळावर घेऊन आले.

त्या काळी काही मास्तर, कारकून आणि वकिलांचे लेखनिक यांनी एकत्र येऊन घरे बांधण्यासाठी सहकारी सोसायटी काढली होती. माळावर खडक, बाभळी आणि एक विहीर, एवढेच होते. घरे एकमेकांपासून लांब लांब उभी राहत होती. विहिरीचा रहाट मोडला किंवा शहरात कसली साथ आली, तर ते सगळ्यांना कळावे कसे? एकनाथरावांनी मला फांदीला टांगले आणि हातोडीने एक ठोका मारला. मी आजवर कधी बोललो नव्हतो. माझा आवाज माळावरून तळ्यापर्यंत गेला आणि तिकडचे बगळे उडाले. मीच दचकलो.

तेव्हापासून वसाहतीची रीत पडली. सावकाश एकेक ठोका पडला तर बातमी. जोडीजोडीने ठोके पडले तर हात हवेत. वाजवणाऱ्याने माझ्याखाली उभे राहून काम काय आहे ते मोठ्याने सांगायचे आणि ज्याला जमेल त्याने आपल्या घरचे हत्यार घेऊन यायचे. कोणी कुदळ आणी, कोणी घमेले. विहिरीचा गाळ असाच निघाला. मैदानाभोवतीची झाडे अशीच लागली. आणि कोणाच्या घराच्या छतावर चुन्या-विटांचा कोबा घालायचा असला, तर तो रविवारी घालत. मजूरबायांच्या जोडीला सगळ्या घरांतले पुरुष धोतरे खोचून येत. वसाहतीत माणसांना ‘हात’च म्हणत. "आज किती हात आले?" असे विचारत. येणारेजाणारे पाहुणे माझे कौतुक करीत, पोरे दगड मारून मला गुदगुल्या करीत, आणि मी खूष होतो.

पण कौतुकाने माणसे जशी शेफारतात, तसे माझ्या बाबतीत माझे मालक शेफारले. कोणाची म्हैस सुटली, वाजव रूळ. कोणाचा भाचा पास झाला, वाजव रूळ. केम गावाहून कोणाकडे हुरड्याचे पोते आले, तेही वाजवून सांगितले. लोक धावत येत आणि कपाळाला हात लावून परत जात. मग येईनासे झाले.

सोसायटीचे चिटणीस नारायणराव हे जिल्हा कचेरीत नोकरीला होते. शिस्तीचे मोठे भोक्ते. त्यांनी सभेत ठराव आणला: यापुढे रूळ फक्त चिटणिसांनी वाजवावा, आणि कोणाला हात हवे असतील त्याने आधी सभेपुढे अर्ज करावा. ठराव एकमताने पास झाला. माझी हातोडी नारायणरावांच्या घरी गेली आणि फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली गेली. त्यानंतर मी जवळजवळ मुकाच झालो. माझ्या बगलेत कोळ्याने जाळे विणले. मी झोपलो, आणि झोपेत कधी कधी होटगीची गाडी अंगात शिरल्यासारखी वाटे.

वसाहतीत एकच घर व्हायचे राहिले होते. ते अनसूयाबाईंचे, मैदानाच्या पलीकडे, माझ्या अगदी समोर. अनसूयाबाई मुलींच्या शाळेत शिकवीत. नवरा गेल्यावर काही वर्षे भावाकडे आणि मग शहरात दुसऱ्यांच्या खोल्यांत त्यांनी दिवस काढले होते. रोज शाळा सुटली की त्या इकडे येत आणि अर्ध्या भिंतींच्या आत उभ्या राहून वर आभाळाकडे बघत. "छत झालं की झालं," असे त्या स्वतःशीच म्हणत. मला ते ऐकू येई.

एकोणीसशे चौतीस सालचा माघ महिना होता. अनसूयाबाईंनी रजा काढून कोब्याचा दिवस ठरवला. सोसायटीकडे अर्ज केला होता; पण सभा पुढच्या पंधरवड्यात होती, आणि घाण्यात दळलेला ओला चुना पंधरवडाभर थांबत नसतो. तेव्हा त्यांनी बजाबाईच्या टोळीवर भिस्त ठेवली. बजाबाई हे काम करता करता म्हातारी झालेली बाई. टोळी मोठी होती. सकाळी छतावर विटांचे तुकडे आणि चुना पसरला गेला. ओला पांढरा कोबा उन्हात असा चमकू लागला, की जणू दिवसाच चांदणे घराच्या माथ्यावर उतरले होते.

आता तो घट्ट व्हायच्या आत सगळीकडून सारखा धोपटून निघायला हवा होता. नाहीतर भेगा पडणार, आणि ते छत जन्मभर गळणार. उखडून पुन्हा घालायचे त्राण अनसूयाबाईंत उरले नव्हते.

तेवढ्यात जवळच्या वडाळा गावाच्या वाटेने एक माणूस धावत आला. टोळीच्या भावकीत कोणी वारले होते. बायांनी हातातली, कोबा धोपटायची लाकडी चोपणी खाली ठेवली.

"बाई, मयतीला जायाच पायजे," बजाबाई म्हणाली. "मी ऱ्हाते. आनी ह्या तिगी परक्या भावकीच्या, त्या ऱ्हातील. पर चौघींच्यानं एवढं छत व्हयाचं न्हाय. चुना काय आमच्यासाटी थांबतोय व्हय?"

अनसूयाबाई तडक खाली उतरल्या. मैदान तुडवीत त्या सरळ माझ्यापाशी आल्या. हातोडी नाही हे बघून नारायणरावांच्या दारी गेल्या. ते घरही झाडापासून चार पावलांवरच होते. नारायणराव कचेरीत होते. दारात त्यांची बायको मालतीबाई आल्या, हात कणकेचे.

"मालतीबाई, हातोडी द्या हो. माझा कोबा वाळतोय."

"अहो, हातोडीला हात लावला तर हे घर डोक्यावर घेतील," मालतीबाई म्हणाल्या. "आणि वाजवून येणार कोण? सगळे पुरुष ऑफिसात."

"मग मी काय करू?"

मालतीबाईंनी हातांची कणीक पदराला पुसली. मग आत गेल्या आणि खलातला लोखंडी बत्ता घेऊन बाहेर आल्या.

"हातोडी देऊ नको असं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "बत्त्याचं काही सांगितलेलं नाही."

आणि त्यांनीच मला वाजवले. मित्रांनो, हातोडीने मी टणकन बोलतो. बत्त्याने माझा आवाज निराळाच निघाला. गोल, खोल, पाण्यातून आल्यासारखा. जोडीजोडीने ठोके पडू लागले. दुपारच्या त्या सुस्त उन्हात तो आवाज घराघरांच्या आत गेला. वेलींवरून, निवडायच्या तांदळावरून, पाळण्यांवरून तो गेला. एकामागून एक दारे उघडली.

दारे उघडली, आणि बाया उंबऱ्यात थांबल्या.

पदर सावरून त्या माझ्याकडे बघत होत्या, मग शहराच्या रस्त्याकडे. हाक ऐकू आली होती. जोड ठोक्यांचा अर्थ लहान पोरांनाही ठाऊक होता. पण इतक्या वर्षांत हात म्हणजे पुरुषांचे हात, हे इतके मुरले होते, की कोणीतरी पुरुष आता रस्त्याने येईल म्हणून त्या वाट पाहत होत्या. रस्त्यावर एक गाढव तेवढे चरत होते. पलीकडे छतावर कोब्याची एक कड सुकून राखाडी पडू लागली होती. मी साखळीला लोंबकळून ते बघत होतो आणि मला धावता येत नव्हते.

रीतीप्रमाणे वाजवणाऱ्याने बोलायचे असते. मालतीबाई माझ्याखाली उभ्या राहिल्या. उभ्या जन्मात त्या कधी मोठ्याने बोलल्या नसतील. त्या ओरडल्या, "हात हवेत! अनसूयाबाईंचा कोबा वाळतोय! अहो, रस्त्याकडे काय बघता? तुम्हालाच बोलावतेय!"

पहिल्या निघाल्या अक्कलकोटकडच्या सुंदरम्मा. आत जाऊन त्यांनी कपडे धुवायचे धोपाटणे आणले आणि शेजारच्या दारांकडे हात करीत आपल्या कानडीत सगळ्यांना "बर्री, बर्री!" म्हणून बोलावत त्या मैदानात उतरल्या. ते धोपाटणे बघितले आणि सगळ्यांना उमगले. आपापल्या घरचे हत्यार! प्रत्येकीच्या मोरीत ते होतेच. पदर खोचून, हातात धोपाटणी घेऊन बाया निघाल्या. एकनाथरावांची सून लीला निघाली. तिची सासू दारातूनच म्हणाली, "मजूरबायांच्या रांगेत बसणार का गं तू?"

"तुम्ही पोराला घ्या, म्हणजे बसते," लीला म्हणाली आणि तिने पोर सासूच्या मांडीवर दिले.

छतावर बजाबाईने सगळ्यांच्या हातांना तेल चोळायला लावले, चुन्याने कातडी जाते म्हणून. मग ओळी केल्या. सुरुवातीला नुसता गोंधळ. प्रत्येकीचा ठोका वेगळा.

"अवो बाईसायेब, चादर धुताय काय?" बजाबाई ओरडली. "एक ताल धरा की!"

"अगं, आमचा तालच चादरीचा आहे," मालतीबाई म्हणाल्या. "सोलापूरची चादर!"

सगळ्या हसल्या, बजाबाई सर्वांत मोठ्याने. मग तिने गाणे धरले. सासरी जाणाऱ्या पोरीला वाटेत विहीर लागते, असे काहीतरी होते. त्या सुरावर ओळी पुढे सरकू लागल्या. थप, थप, थप. चुना घट्ट धरावा म्हणून अनसूयाबाई गुळाचे पाणी शिंपडत मागून चालत होत्या. राखाडी पडलेली कड पुन्हा ओली झाली, मऊ झाली, ठोक्यांखाली दबली. दुपार कधी कलली ते मला कळले नाही. ऊन पिवळे झाले, मग केशरी. तळ्यावरचा वारा आला आणि तो ताल माझ्याही अंगात उतरला. मला कोणी हात लावला नव्हता, तरी मी हळूच गुणगुणत होतो. मी जागा होतो की झोपेत, हे आजही मला सांगता येणार नाही.

गिरण्यांचे भोंगे झाले आणि पुरुष घरी परतले. घरोघर कुलपे किंवा म्हाताऱ्या. चूल कुठेच पेटलेली नव्हती. नारायणराव सायकल टेकवून माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या अंगावरची बत्त्याची ताजी खूण बघितली आणि छतावरचा ठोका ऐकत पलीकडे गेले.

"रूळ कोणी वाजवला?" त्यांनी खालून विचारले.

वरचा ताल थांबला नाही. मालतीबाईंनी कठड्यावरून डोके काढले. केस चुन्याने पांढरे झालेले. "मी."

"पण हातोडी तर..."

"हातोडी कोनाड्यात आहे. फडकंसुद्धा सोडलेलं नाही. पाहून घ्या."

वरून हसण्याची खसखस पिकली. नारायणरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ते तसे चांगले गृहस्थ होते. फक्त पुढे काय करायचे हे त्यांना कोणत्याच ठरावात सांगितलेले नव्हते.

"मग... आता काय हवं आहे?" त्यांनी विचारले.

"पाणी!" चार-पाच आवाज एकदम आले.

नारायणरावांनी कोट काढून भिंतीवर ठेवला आणि विहिरीकडे निघाले. ते बघून बाकीचे पुरुषही घागरी घेऊन धावले. उजेड संपायच्या आत कोबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा, घट्ट बसला होता. बजाबाईने त्यावर टाच आपटून पाहिली आणि म्हणाली, "आता न्हाय गळत. झालं बाई तुमचं घर." अनसूयाबाई तिथेच, स्वतःच्या छतावर, खाली बसल्या आणि तळवे कोब्यावर टेकून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

त्या छताने पुढचे दोन पावसाळे काढले आहेत. आत एक थेंब आलेला नाही. माझ्याबद्दलचा तो ठराव अजून रद्द झालेला नाही; फक्त आता तो कोणी पाळत नाही. बाया हाताला येईल त्याने मला वाजवतात.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला पुसा, माझी साखळी झिजली तर बदला, एवढे केलेत तर मी पुष्कळ वर्षे टिकेन. पण माझे काम आवाज करण्यापुरतेच आहे, पुढचे तुमचे. तुमच्या वस्तीत कधी हाक ऐकू आली, तर ती दुसऱ्या कोणासाठी असेल असे समजून उंबऱ्यात थांबू नका. पलीकडे कोणाचा तरी चुना वाळत असतो.