आंब्याच्या पेटीतून गेलेले माझे पान

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि पहिल्यापासूनच भित्रा आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा माझे पुठ्ठे कडक होते, तरी आधी वाळवीला भ्यायचो, मग पावसाळी ओलीला. माणसांची भीती मला उशिरा कळली.

चार घरे फिरून मी मिरजोळ्याच्या दर्शनाकडे आलो. तिच्या वडिलांची, गंगारामची, आंब्याची बाग आहे. सोमवारी नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिची इंग्रजीत मुलाखत होती. म्हणून आई तुळसा शेडमध्ये पेट्या भरायची, तेव्हा दर्शना शेजारी बसून माझ्यातला 'रन' मोठ्याने वाचायची. त्या एका क्रियापदाला माझे दीड पान लागते. माणूस रन करतो म्हणजे धावतो, नाक रन होते म्हणजे गळते, बस रन होते म्हणजे ये-जा करते, दुकान रन करतात म्हणजे चालवतात. प्रत्येक अर्थापुढे दर्शनाने पेन्सिलीने आपले वाक्य लिहिले होते, तेही ती वाचायची. मोबाईलमध्ये अर्थ होते, तिची वाक्ये नव्हती.

"नाकाला पाय हायत काय गो धावायला?" तुळसा हसायची. मला जरा रागच यायचा.

शनिवारी दर्शना शाळेचा दाखला आणायला चिपळूणला गेली आणि मला पेंढ्यावर विसरली. दुपारी टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. नेमकी पेटीच्या तळाला घालायची रद्दी संपली. गंगारामने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. पोटात हजारो शब्द होते, पण ओरडायला एकही कामी येईना. रोजच्या सवयीने मी 'रन'पाशीच उघडलो. फर्रकन पान निघाले. मी मेलोच, असे वाटले.

त्याने दुसऱ्या पानाला हात घातला, तोच विहिरीवरून आलेली तुळसा ओरडली, "अवो, पोरीचा पुस्तक हाय ता!"

गंगारामचा हात थांबला. तोवर पान पेटीत, पेटी टेम्पोत आणि टेम्पो मुंबईच्या रस्त्याला लागला होता.

संध्याकाळी दर्शना मला छातीशी धरून रडली. "आई, परवा काय सांगू मी?"

तुळसाने हात पुसले. "लिव गो. मी सांगते."

आणि तिने एकेक अर्थ सांगायला सुरुवात केली, लेकीच्या वाक्यांसकट. "अंगात ताप असला तरी रनच म्हणतत, व्हय ना?" एकही चुकला नाही. गंगारामने कोरा कागद आणला आणि भाताच्या शितांनी माझ्यात चिकटवला. त्यावर दर्शना लिहीत गेली.

शिते झुरळांना आवडतात, ही माझी नवी भीती. पण मित्रांनो, तुमच्या घरी आंब्याच्या पेटीत तळाशी पेन्सिलीने लिहिलेले पान निघाले, तर चुरगळण्याआधी एकदा वाचा. कुणाची तरी सोमवारची मुलाखत त्यावर लिहिलेली असते.