काँगो रेड

आईला दम लागायचा. दोन पायऱ्या चढल्या की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "झालं, लागल्या सोंगं करायला! कामाचं नाव काढलं की वहिनींचा श्वास अडकतो." हृदयाचे डॉक्टरही फार वेगळं बोलले नाहीत. "वय झालंय. शिवाय तुमच्या आई सगळं मनाला लावून घेतात." त्यांनी झोपेची गोळी दिली.

आई गेली तेव्हा शवविच्छेदनाचा हट्ट मीच धरला. "आता तरी सोड की त्यांना," आत्या म्हणाली. आज मात्र ती माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आली होती. मी घरी येऊन काय सांगेन, याचा तिला भरवसा नव्हता.

तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आईच्या हृदयाचा केसाहून पातळ काप, काँगो रेड नावाच्या रंगात बुडवलेला. आधी तो नुसता विटकरी दिसला. बाईंनी एक चकती फिरवली आणि अंधारात कच्च्या सफरचंदासारखे हिरवे पट्टे उजळले.

"हे एक प्रथिन आहे. हृदयाच्या स्नायूंत साचत जातं, हृदय ताठरतं. नेहमीच्या रंगात ते गुलाबीत गुलाबी होऊन लपतं. या रंगात उघडं पडतं."

"जिवंतपणी कळलं असतं?"

"पोटाची थोडी चरबी सुईने काढून याच रंगात बघता येते. बऱ्याचदा कळतं. पण तशी तपासणी कुणीतरी सांगावी लागते."

रंगाची बाटली मागच्या फळीवर होती, हृदयाच्या डॉक्टरांच्या खोलीच्या बरोबर खाली. मध्ये फक्त एक जिना. पण आईचं म्हणणं खरं मानणं त्यांना सुईपेक्षाही अवघड वाटलं.

आत्याने भिंगाला डोळा लावला. "अगं बाई, किती सुंदर हिरवं! काय आहे हे?"

"आईची सोंगं," मी म्हणाले.

तिने बराच वेळ डोळा काढला नाही.

डॉक्टरबाईंनी चाचरत विचारलं, "इतका स्पष्ट नमुना सहसा मिळत नाही. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून घेऊ का?"

"ठेवा. पण पहिला विद्यार्थी मी सांगेन तो. वरच्या मजल्यावरचे हृदयाचे डॉक्टर."

"ते आत्ता पेशंट बघताहेत."

"बघू द्या. मी थांबते."

मी स्टूल ओढलं. आत्याने शेजारचं ओढून घेतलं.

"मीपण थांबते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.