न्हाणीतलं ऑर्किड

“अक्का, सायबांची आंघोळ झाली आसंल तर मानसांनी यावं का?”

धाकट्या जावेनं, रुपालीनं, न्हाणीच्या पडद्याबाहेरून विचारलं. ज्ञानेश्वरी आत पाटावर उभी राहून खिळ्याला टांगलेल्या कुंडीवर पाणी फवारत होती. कडी घालावी असं तिला रोज वाटे. पण शनिशिंगणापुरात त्यांच्या घरालाच दार नव्हतं, न्हाणीला कुठलं असणार?

ऑर्किड तिनं कचऱ्यातून आणलं होतं. ती झाडलोट करायची त्या लॉजवर ते काउंटरच्या शोभेला आलं. फुलं गळाली तसं मालकानं फेकायला सांगितलं. घरी आणलं तर अंगणातल्या उन्हानं पानं करपली, बोअरच्या पाण्यानं पांढरी पडली. न्हाणीतल्या वाफेत मात्र त्यानं जीव धरला. लॉजच्या एसीतून ठिबकणारं पाणी ती बाटलीत भरून आणू लागली आणि घरानं झाडाचं नाव ‘सायब’ ठेवलं.

तीन वर्षं झाली. या घरात तिच्या लग्नातली भांडी सगळ्यांची झाली, पगार सगळ्यांचा झाला. सायब तेवढे कुणाला नको होते, म्हणून तिचे राहिले.

यंदा दांडा आला. त्यावर सात कळ्या. शुक्रवारी पहिली उमलली, जांभळी. त्या दिवशी रुपालीसुद्धा आंघोळीला जरा जास्त वेळ आत होती.

शनिवारी सकाळी पडदा सारला तर दांडा नव्हता.

“आत्याबाई, दांडा कुनी तोडला?”

सासूबाई, बनुबाई, बशीत चहा ओतत होत्या. “देवाला न्हेला. पहाटंच.”

“येकच फूल हुतं. सहा कळ्या हुत्या नुस्त्या.”

“मंग? देव काय मोजून घेतो?”

“मला इचारायचं तरी.”

“तुला काय इचारायचं? घरातलं न्हेलं. तू आनलंस ते कचऱ्यातनं, माज्यामुळं देवाला तरी लागलं.”

“न इचारता न्हेलं, म्हंजी चोरीच की.”

रुपालीचं लाटणं थांबलं. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणणाऱ्या या घरात तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता.

“त्वांड धुवून ये,” बनुबाई म्हणाल्या. “ह्या गावात चोरी हुत न्हाई.”

“सायबांचं सुतक धरनार आसाल तर सांगा अक्का,” रुपाली म्हणाली, “सैपाकाचं मी बघते.”

लॉजकडे जाताना तिला देवळामागे देवावरून उतरवलेल्या रुईच्या माळांचा ढीग दिसला. तेलानं काळ्या झालेल्या पानांत वरच तिचा दांडा होता. फूल कुणाच्या तरी पायाखाली गेलं होतं. कळ्या मिटलेल्याच. तिनं वाकून हात पुढं केला.

मग मागं घेतला. देवाचं उचलायचं म्हणजे चोरी.

संध्याकाळी तिनं चिमूटभर हळद घेतली आणि न्हाणीत गेली. बोटभर खुंट राहिला होता, त्यावर फुटू शकेल असा एक डोळा होता. तोडल्या जागी तिनं हळद दाबली, बाळाच्या नाळेला लावावी तशी.

“अक्का,” बाहेरून रुपाली, “आता काय राह्यलंय त्यात? निघा की भायेर.”

ज्ञानेश्वरीनं पडद्याचं टोक ओढलं आणि आतल्या खिळ्यात अडकवलं.

“थांब,” ती म्हणाली.