हातातला भुंगा

डोळे मिटा आणि आपण गिरीज गावातल्या एका केळीच्या वाडीत आहोत, असं समजा. तिन्हीसांज झाली आहे. तुळशीदास आजोबा झोपाळ्यावर निजलेत आणि त्यांच्या हातातून भुंग्यासारखी घूं घूं ऐकू येतेय. त्यांची मूत्रपिंडं थकलीत. मशीनने रक्त गाळायला डॉक्टरांनी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडल्या, तेव्हापासून हा भुंगा तिथे राहतो. त्यांच्या नातीला, रेवाला, मात्र वाटे की आजोबांना काहीतरी झपाटलंय. म्हणून तिने त्याच हाताच्या दंडाला काळा दोरा करकचून बांधला. आवाज मंदावला. रेवा खूश झाली.

हात बधिर झाला तसे आजोबा जागे झाले.

"अगं बये, माझ्या भुंग्याचाच गळा आवळलास की! रक्तातल्या प्लेटलेट जखम बुजवतात ना? या आजारात त्या सदा भेदरलेल्या असतात. जखम नसतानाही एकमेकींना हाका मारतात, सूज आणतात. इथे रक्त थबकलं तर गुठळी करतील. मग मशीन रक्त घेणार कुठून?"

गाठ सुटेना. आवाज विझत चालला.

रेवाने दोरा दातांनी तोडला आणि आजोबांच्या हाताला कान लावून ती भुंग्याची वाट पाहत बसली.