अण्णांची वेगळी बादली

मी एक जुना स्कार्फ आहे, मित्रांनो. रंग निळा, आता थोडा उडालेला. जन्म इचलकरंजीच्या मागावरचा. पिंपरीच्या बाजारात भाग्यश्रीने मला चार वेळा हातात घेतलं, चार वेळा खाली ठेवलं आणि मग एकदाचं विकत घेतलं. दुकानदार वैतागला होता, मी मात्र पहिल्याच वेळी तिचा झालो होतो.

आमच्याकडे गाडीवरून जाणाऱ्या मुलींचे फक्त डोळे दिसतात. बाकी सगळा चेहरा आम्ही सांभाळतो. ऊन, धूळ, डंपरचा धूर, सगळं आधी आमच्या अंगावर. भोसरीपासून डिप्लोमाच्या कॉलेजपर्यंत तीन वर्षं मी भाग्यश्रीचा चेहरा असा नेला आणि आणला. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या वर्षी तिच्या गालांवर मुरमं आली. आधी दोन-चार, मग हनुवटीपासून कानापर्यंत लालेलाल. फुकटचे डॉक्टर तर गल्लोगल्ली असतात. कोणी टूथपेस्ट लावायला सांगितली, कोणी लिंबू. एका मावशींनी लग्नानंतर आपोआप जातील असं सांगून विषयच संपवला. शेजारच्या काकूंनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. त्या ट्यूबने आठ दिवस चेहरा गुळगुळीत राहिला आणि ती संपताच मुरमं दुपटीने उठली. मग भाग्यश्री आरशासमोर बसून एकेक मुरूम नखाने फोडायची आणि मला आणखी घट्ट बांधायची. पुढे पुढे ती वर्गातसुद्धा मला सोडेना. केवढा जीव आहे हिचा माझ्यावर, असं मला वाटायचं. मूर्खच होतो मी.

डिप्लोमा झाला आणि चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं. तपासणी विभागात ट्रेनी, एक तारखेला रुजू व्हायचं. घरात पेढे आले. दोन दिवसांनी भाग्यश्रीला कळलं की तिथे गेटवर यंत्रासमोर चेहरा दाखवून हजेरी लावावी लागते, आणि मशीनजवळ स्कार्फ चालत नाही, कारण तो अडकू शकतो. तिने पत्र घडी घालून कपाटात ठेवलं.

"सगळे माझ्या तोंडाकडेच बघतील. मी नाही जाणार," ती आईला म्हणाली.

आईने, म्हणजे केसरबाईंनी, खूप समजावलं, पण पोरगी ऐकेना. तिचे वडील अण्णासाहेब भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं लेथ मशीन चालवतात. त्यांनी हाफ डे टाकला आणि बाह्या दुमडलेल्या तशाच लेकीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाईंनी मला हळूच सोडवून टेबलावर ठेवलं. त्यांनी सांगितलेलं मी नीट ऐकलं. त्वचेला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून थोडं तेल येतं, आणि ते चांगलंच असतं. या वयात ते जास्त येतं. छिद्राचं तोंड बुजलं की तेल आत साचतं, त्यात जंतू वाढतात आणि तिथे सूज येते. फोडलं तर घाण आणखी खोल जाते आणि कायमचा खड्डा राहतो.

बोलता बोलता त्यांची नजर अण्णांच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत तशाच पुळ्या होत्या, काळ्या ठिपक्यांच्या. काय काम करता, कपडे कुठे धुता, असं त्यांनी विचारलं.

"घरीच. पाणी एक दिवसाआड येतं, मॅडम. समद्यांचं एकाच बादलीत भिजतं," अण्णा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मला उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "याला मशीनच्या तेलाचा वास येतोय."

मित्रांनो, धरणी दुभंगावी आणि मी पोटात जावं, असं मला झालं. मुरमं या वयात येतातच, त्यात कोणाचा दोष नाही, असं त्या म्हणाल्या खऱ्या. पण तेल, घाम, घट्ट बांधल्याने होणारं घर्षण आणि ती ट्यूब, यांची त्यात भर पडली होती. ज्या चेहऱ्याला मी जपत होतो, त्यालाच मी रोज तेल चोळत होतो. अण्णांनी हात टेबलाखाली घेतले. भाग्यश्रीने ते पाहिलं.

औषध मिळालं, पण फरक दिसायला दोन-तीन महिने लागणार होते आणि एक तारीख नऊ दिवसांवर होती. अण्णांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या कपड्यांसाठी लाल बादली आणली. कोणाला हात लावू न देता ते आपले कपडे आपणच धुऊ लागले.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ते बादलीजवळ बसले होते. भाग्यश्री येऊन उभी राहिली.

"माझ्यामुळं झालं असंल तर मला बोल, बाळा," ते खाली बघतच म्हणाले. "पण नोकरी नको सोडू."

ती त्यांच्याजवळ बसली. साबणाने भरलेला त्यांचा हात तिने मांडीवर घेतला, त्यावरच्या पुळ्यांवरून बोट फिरवलं. "हे हात घेऊन तुम्ही बावीस वर्षं कामावर जाताय, अण्णा," ती म्हणाली. "उद्या मी पण जाते."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर तिने मला सोडलं. गाठ सुटायला वेळ लागला. मग तिने माझी घडी केली, मला गाडीच्या डिकीत ठेवलं आणि ती आत गेली. दिवसभर मी अंधारात होतो आणि तरी इतका आनंदी मी बाजारातसुद्धा नव्हतो.

मित्रांनो, मला रोज धुवा, वेगळं धुवा, सैल बांधा. मुरमांना नख लावू नका, कोणाच्याही सांगण्यावरून कसलीही ट्यूब फासू नका. कोणाच्या चेहऱ्यावर मुरमं दिसली तर त्याच्या डोळ्यांकडे बघून बोला. मी उन्हासाठी आहे, माणसांपासून लपायला मला वापरू नका.

त्या संध्याकाळी भाग्यश्री घरी आली ती गळ्यात ओळखपत्र घालून. त्यावर तिचा फोटो होता, मुरमांसकट, हसरा. तिने ते आधी अण्णांपुढे धरलं. अण्णा थांब म्हणाले, मोरीत गेले, साबणाने दोनदा हात धुतले, पुसले आणि मग ते हातात घेतलं.