किरकोळ नावाचा डेस्कटॉप

"मॅडम, तुमच्याकडं कोणी गातंय का हो?"

फोनवर नाशिकच्या एक बाई होत्या. त्यांच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून चार दिवस थेंब येत नव्हता आणि मी तक्रार लिहून घेत होते. माझ्या पडद्यावर तक्रारींची यादी सोडून काही नव्हतं. गात मात्र होते. माझे वडील गात होते. रामभाऊ, आमचे अण्णा, जाऊन अकरा महिने झालेले, अगदी खड्या आवाजात.

"शेजारी कार्यक्रम आहे," मी ठोकून दिलं आणि धडाधड कळा दाबत सुटले. पहिल्या डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. चौथ्यावर पोहोचून अण्णांना गप्प करेपर्यंत त्यांचं अर्धं कडवं नाशिकला पोहोचलं होतं.

पाच मिनिटांत आमच्या सुपरवायझरचा फोन. विनीत. वयाने माझ्या अर्धा, बोलायला मात्र दुप्पट.

"माया मॅडम, घरी फंक्शन आहे का? कॉल रेकॉर्ड होतो ना यार. नेक्स्ट टाइम असं झालं तर मला वर रिपोर्ट करावं लागेल, हां."

"नाही होणार सर."

सर म्हणे! पण नोकरी घरबसल्याची होती आणि ती मला हवी होती.

आता हे डेस्कटॉप प्रकरण सांगते, म्हणजे कळेल. चिखलोलीला आमचं घर वन रूम किचन. माणसं तीन, कॉम्प्युटर एक. मी कंपनीच्या यादीवर बसले की नवऱ्याला, मुकेशला, नेमकं तेव्हाच सोसायटीचं पत्र टाइप करायचं असे. लेक अस्मिता बारावीला, तिचे व्हिडिओ अर्धवट उघडे असत. मुकेश 'पसारा नको' म्हणून सगळं बंद करून मोकळा. मग भांडणं. शेवटी अस्मिताच एकदा वैतागून म्हणाली, "मम्मी, चिल ना. एकाच कॉम्प्युटरात चार डेस्कटॉप बनतात. ज्याचा त्याचा. कोणी कोणाच्यात हात नाय घालायचा."

तिने बनवून दिले. प्रत्येकाला नाव दिलं, मागे वेगळं चित्र लावलं. 'ऑफिस'च्या मागे पांढरी भिंत. 'अस्मिता'च्या मागे कुठल्याशा कोरियन पोरांचा घोळका. 'सोसायटी'च्या मागे आमच्या बिल्डिंगचा फोटो, मुकेशला त्याचा भारी अभिमान. कंट्रोल आणि विंडोजची कळ धरून बाण दाबला, की या खोलीतून त्या खोलीत. हो, मी खोलीच म्हणते. चाळीतल्या एका खोलीत सहा जणांत वाढले, लग्नानंतर इथे आले. स्वतःची खोली मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली ती या यंत्रात.

चौथी माझी. नाव काय देऊ म्हणून अस्मिताने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "किरकोळ."

"किरकोळ? असलं काय नाव गं?"

"असू दे. किरकोळ म्हटलं की कोणी उघडून बघत नाही."

खोल्या चार झाल्या, पण आवाजाला भिंत नाही, हे त्या पोरीने सांगितलं नव्हतं. चौथीत चालू राहिलेलं गाणं पहिलीतही ऐकू येतं. त्या दिवशी कॉल आला म्हणून मी घाईत 'ऑफिस'मध्ये उडी मारली आणि अण्णांना थांबवायचं विसरले, एवढंच झालं.

'किरकोळ'मध्ये अण्णा होते. म्हणजे त्यांची एक कॅसेट. अंबरनाथच्या फॅक्टरीत फिटर होते ते, आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी. जयंतीला वस्तीवस्तीत बोलावणं असायचं. स्वतः गाणी लिहायचे, स्वतः चाली लावायचे. एवढं गायले, पण रेकॉर्ड कोण करणार? घरीच कोणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर भरलेलं एक गाणं, पाटी घेऊन शाळेला निघालेल्या मुलीचं, तेवढं उरलं होतं. अण्णा गेल्यावर आईने मला एकदाच विचारलं होतं, "त्यांचा आवाज कुठं ऱ्हायलाय का गं?" रडली नाही, काही नाही. भाजी निवडता निवडता विचारलं. तेव्हापासून माझ्या मनाला चैन नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला आईला तो आवाज ऐकवायचाच, असं मी ठरवून टाकलं.

कॅसेट घेऊन उल्हासनगरला कमलेशभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी ती उजेडात धरली. "मॅडम, टेप सड गया है पूरा. एक बार चलेगा, बस. फिर मेरे को मत बोलना." एकदाच चालली. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तुटली. जेवढं आलं तेवढं त्यांनी पेन ड्राइव्हवर भरून दिलं.

घरी येऊन ऐकलं तर काय! घरघर, कुकरच्या शिट्ट्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणीतरी सारखं ठोकत होतं. ठक, ठक-ठक. शेजारी खिळे मारत असेल मेला कोणी. मला असा राग आला! माझा बाप गातोय आणि यांना सुतारकाम सुचतंय.

मग मी कामाला लागले. दुपारी जेवणाची अर्धा तास सुट्टी असते. डबा पुढ्यात, बाण दाबला की 'किरकोळ'. घरघर यंत्राने काढली. ठकठक त्याला निघेना, ती मी हाताने काढली. एकेक ठक शोधायची, जागा तशीच ठेवून नख लावून काढल्यासारखी पुसायची. दोन महिने लागले. विनीतची तंबी मिळाल्यावर तर आवाज अगदी बारीक ठेवून, कान स्पीकरला लावून. शेवटी अण्णा एकटे उरले. स्वच्छ, जणू शेजारी बसून गातायत. जुनी घाणेरडी फाइल मी सगळीकडून उडवून टाकली, पेन ड्राइव्हवरूनही. कचरा ठेवून करायचं काय?

पुण्यानुमोदन रविवारी आमच्याकडेच झालं. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. घर रिकामं झाल्यावर आईला खुर्चीत बसवलं. "डोळे मीट," म्हटलं आणि गाणं लावलं.

आईने डोळे मिटले नाहीत. पडद्याकडे बघत राहिली. "त्येच हायेत," ती म्हणाली. मला वाटलं, जिंकले मी. सगळ्याचं सार्थक झालं.

गाणं तुटलं. आई पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "माया, पन ह्यात मी कुठंय?"

"तू? तू गायली होतीस?"

"गाती कशाला? डब्यावर ठेका धरला व्हता न्हवं मी. ढोलकीवाला शिफ्टला गेला, आन् त्यांना ठेक्याबिगर गाता येईना. म्हनले, गंगू, तूच बस समोर. तेलाचा रिकामा डबा घिऊन बसले."

अस्मिता माझ्याकडे बघायला लागली, तिला कळलं होतं.

"आई," मी म्हटलं, "ते मी काढून टाकलं गं. मला वाटलं, कोणीतरी खिळे ठोकतंय."

"मग आता ते पयलं लाव की."

"ते नाही आता. पुसलं मी."

मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरं," म्हणाली. पदराने चष्मा पुसला, खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"हेच लाव परत."

लावलं. आईने टेबलावर बोटं ठेवली. ठक, ठक-ठक. कीबोर्ड हलायला लागला. गाताना अण्णा मध्येच थांबतात, ते मला खटकलं होतं, म्हातारपणी दम लागतो तसं वाटलं होतं. पण तेव्हा ते चाळिशीचे होते, त्यांना कसला दम लागतोय? ते तिच्यासाठी थांबत होते. प्रत्येक थांब्यात आईची बोटं बरोबर पडत होती, आणि मग ते पुढची ओळ उचलत होते.

दुसऱ्या कडव्यात टेप तुटली तिथे आवाज गेला. मी बंद करायला हात पुढे केला. आईने मान हलवून 'नको' म्हटलं. तिची बोटं चालूच होती. आता तिने डोळे मिटले होते.

त्या गाण्याला अजून अडीच कडवी होती. तिने ती सगळी वाजवली.